हातावरच्या तीन ओळी

फोटोग्राफरला माझा चेहरा पसंत पडला, उंची पसंत पडली, केसही पसंत पडले. मग पंख्याच्या वाऱ्याने ओढणी सरकली आणि त्याला माझा डावा हात दिसला.

"ये क्या है बेटा?"

"नाव आहे."

"किसका?"

"माझंच."

गोंदियात समोरचा हिंदीत विचारतो, आपण मराठीत सांगतो आणि कोणाचं काही अडत नाही. त्याने माझा हात धरून दिव्याखाली नेला. कोपरापासून मनगटापर्यंत गोंदलेल्या तीन ओळी आहेत. पहिलीत माझं नाव, दुसरीत बाबांचं, तिसरीत गावाचं. लहानपणी ती अक्षरं बारीक आणि ठसठशीत होती. हात वाढला तशी तीही वाढली, फाकली, हिरवट झाली. तिसरी ओळ तर पहिल्यापासूनच तिरपी, मनगटाकडे घसरत गेलेली. त्याने सगळं वाचलं, मान हलवली आणि म्हणाला, "कोई बात नहीं, बाद में निकाल देंगे."

फोटोतून काढणार, हे मला तेव्हा कळलं होतं. तरी हात मी पटकन मागे घेतला.

मी त्या स्टुडिओत गेले होते ती पोर्टफोलिओ करायला. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी एका नाटकात काम केलं होतं. नागपूरहून परीक्षक म्हणून आलेल्या बाई जाहिराती आणि मालिकांसाठी माणसं शोधून देण्याचं काम करत. त्यांनी मला बाजूला बोलावलं आणि म्हणाल्या, "तुझा चेहरा कॅमेऱ्याला चालेल. पोर्टफोलिओ करून पाठव." मी त्या रात्री जेवले नाही, इतका आनंद झाला. आईला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "ते काय असते?"

"फोटोंचा अल्बम."

"लग्नाचा पत्ता नाही अन् अल्बम कायले?"

माझी आई अशीच आहे. तिच्या जिभेला हाड नाही आणि खोट्याची तिला मुळातच ॲलर्जी आहे. शेजारणीने नवी साडी दाखवली आणि ती वाईट असली तर आई वाईटच म्हणणार. त्यामुळे आमच्या घरी फार कोणी साडी दाखवायला येत नाही.

आमच्या गावातून नागरा गावावरून गोंदियाला जाता येतं. बाबा गोंदियातल्या एका राईस मिलमध्ये हमाली करतात. त्यांनी काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "फोटो चांगले काढजो म्हणा."

फोटोग्राफर लग्नाचे फोटो काढणारा होता, हीच खरी गोम. त्याला पोर्टफोलिओ म्हणजे काय ते ऐकून माहीत होतं, पण हाताला वळण नवरीचं पडलेलं. चिन नीचे, नजर ऊपर. आता खिडकीतून बाहेर बघ. आता मागे वळून बघ. मी जीन्स घातली तरी तो मला साडीतल्यासारखीच उभी करायचा. चार वेगवेगळे कपडे घातले, त्यातले दोन मैत्रिणीचे. शहरातली मुलगी, खेड्यातली मुलगी, ऑफिसला जाणारी आणि पार्टीला जाणारी. चारही फोटोंत मी कोणाची तरी वरात कधी येते याची वाट बघत असल्यासारखी दिसते. अल्बमच्या पुठ्ठ्यावर तर तो सवयीने दोन बदामही छापायला निघाला होता. मी वेळेवर पोहोचले म्हणून बदाम टळले.

पण फोटो देखणे होते, खोटं कशाला बोलू. चेहऱ्यावरचे डाग गेले होते, रंग दोन बोटं उजळला होता. आणि डावा हात! कोपरापासून मनगटापर्यंत दुधीभोपळ्यासारखा गुळगुळीत. अक्षरांबरोबर त्याने मनगटाजवळची शीरसुद्धा पुसून टाकली होती. मी स्टुडिओतल्या बाकावर बसून तो फोटोतला हात आणि माझा हात शेजारी शेजारी ठेवून पाहिला. मला तो हात आवडला, आणि आवडला याचंच वाईट वाटलं.

घरी आल्यावर बाबांनी आधी हात धुतले, गमछ्याने कोरडे केले आणि मग अल्बम मांडीवर घेतला. पान उलटताना ते जराही घाई करत नव्हते. एका पानावर थांबले. मागे गेले. परत पुढे आले.

"अक्षरं कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

"पुसली त्याने. कॉम्प्युटरवर."

"काऊन?"

"असं चालत नाही म्हणते त्या लाईनीत."

बाबांनी अल्बम मिटला आणि म्हणाले, "चांगले आले फोटो." त्यांनी तो परत कधी मागितला नाही.

ही अक्षरं कुठून आली ते सांगायला हवं.

मी पाच वर्षांची होईपर्यंत बोलत नव्हते. आता हे कोणाला खरं वाटत नाही, कारण आता माझं तोंड बंद करायला माणूस लागतो. पण तेव्हा सगळे मला मुकीच समजायचे. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दुकानं लागतात, पाळणे येतात, दुपारी दंडारीचा नाच-तमाशा होतो, माहेरवाशिणी आणि जावई पाहुणे येतात. अशाच शेजारच्या गावच्या मंडईत पाळण्याजवळ माझा हात बाबांच्या हातातून सुटला. कोणीतरी मला उचलून नाटकाच्या मंचावर उभं केलं आणि लाऊडस्पीकरवर पुकारा सुरू केला. लाल फ्रॉकवाली पोट्टी आहे, नाव सांगत नाही, ज्याची असेल त्याने घेऊन जावी. खाली माणसंच माणसं. "नाव सांग बाई, नाव सांग," सगळे म्हणत होते. एका बाईने माझ्या हातावर बत्तासा दिला. मला माझं नाव ठाऊक होतं. ते तोंडापर्यंत यायचं आणि तिथेच अडकून राहायचं. मला आठवणारं हे अगदी पहिलं आहे आणि माझं पहिलं स्टेजही तेच.

पाळण्याच्या गाण्यांच्या आवाजात बाबांना पुकारा ऐकूच गेला नव्हता. ते आले तेव्हा त्यांच्या पायात एकच चप्पल होती. रागावले नाहीत, मारलं नाही. मला खांद्यावर घेतलं आणि थेट गोंदणवाल्याकडे गेले. जमिनीवर चादर टाकून, बॅटरीचं मशीन घेऊन तो बसला होता. समोर विंचू, फुलं आणि बाण घुसलेले बदाम काढलेला कागद. बाबा म्हणाले, "हिचं नाव लिव, माह्यं नाव लिव, गाव लिव. पुन्हा हरपली तर कोनीबी वाचन अन् आणून देईन."

दुसरी ओळ होते न होते तोच आई आली. मी सापडले म्हणून ती आधी रडली आणि मग हात पाहून तिने मंडई डोक्यावर घेतली. "पोट्टीच्या जातीले हातावर बापाचं नाव? लोकं नवऱ्याचं गोंदतात! उद्या इचा नवरा काय म्हणन?"

"नवरा भेटाले आधी पोट्टी घरी तर राहिली पायजे," बाबा म्हणाले.

बाबांना वाचता येत नाही. आई चौथी शिकलेली. म्हणून रागावलेल्या आईलाच त्यांनी म्हटलं, आता आली आहेस तर बरोबर लिहिलं का ते बघ. आईने रडत, भांडत, प्रत्येक ओळीखाली बोट धरून वाचून दिलं. तिसऱ्या ओळीला मी हात ओढला. मशीन घसरलं आणि गाव तिरपं झालं.

त्यानंतर बाबा रोज संध्याकाळी मिलवरून आले की माझा हात हातात घ्यायचे आणि एकेका ओळीवर बोट ठेवायचे. "ही तू. हा मी. हे घर." त्याच वर्षी मी बोलायला लागले. बाबा म्हणतात, ओळींमुळे बोलली. आई म्हणते, वय झालं म्हणून बोलली.

तर पोर्टफोलिओ नागपूरला गेला. बाईंनी तो पुढे मुंबईला, पुण्याला पाठवला. मग त्यांनी व्हिडिओ मागितला. यात कॅमेऱ्यासमोर उभं राहून नाव, वय, उंची, गाव सांगायचं, डावीकडून चेहरा दाखवायचा, उजवीकडून दाखवायचा आणि शेवटी दोन्ही हात पुढे करून उलटे-सुलटे दाखवायचे. हात कशाला बघतात ते मला आजही नीट कळलेलं नाही. बहुधा साबणाच्या आणि बांगड्यांच्या जाहिरातींसाठी असेल. मी फुल बाह्यांचा कुर्ता घातला आणि मनगटापर्यंतच हात दाखवले. माझं नाव मी तोंडाने ठणठणीत सांगितलं आणि हातावरचं बाहीत दडवलं. व्हिडिओ पाठवल्यावर बराच वेळ मी ती बाही वर केलीच नाही.

दोन ठिकाणी माझी निवड झाली आणि दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष हात दिसल्यावर ती रद्द झाली. एक जण तर तोंडावर म्हणाला, फोटोत एक आणि समोर भलतंच, ही फसवणूक आहे. म्हणजे पुसायला लावणारी ती लाईन आणि फसवी मी! मला इतका संताप आला की तिथलं पाणीसुद्धा मी प्यायले नाही. नागपूरच्या बाईंनी मग फोनवर समजावलं. त्या प्रेमानेच बोलल्या. "अगं, एखादं फूल, पक्षी असता तर चाललं असतं. हे म्हणजे पत्ता लिहिलेलं पाकीट दिसतं. लेझर करून टाक. चार-सहा वेळा जावं लागेल, पण जाईल."

हे मी घरी सांगितलं तेव्हा आई लगेच म्हणाली, "जळून काढतात? चामडी काय भाड्याची आहे?" बाबा अंगणात सायकल पुसत होते. पुसतच राहिले. मग म्हणाले, "काढून टाक, तुह्या कामाच्या आड येऊन राहिलं असन तर. आता तर तुले बोलता येते."

ते रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते. ते रागाने म्हणाले नाहीत. मी त्या आठवड्यात लेझरवाल्या डॉक्टरांकडे नाव नोंदवायचं ठरवलं, नोंदवलं नाही, पुन्हा ठरवलं. लहानपणी नाव तोंडात अडकायचं, तसंच काहीतरी झालं होतं. काढलं तर काम मिळेल आणि ठेवलं तर बाबा राहतील, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. कोणी असं म्हटलं नव्हतं, पण मला तसंच दिसत होतं.

त्याच घालमेलीत एक काम आलं. एका वेब मालिकेचं शूटिंग दरेकशाकडे होणार होतं, धान कापणीच्या दिवसांत. हिरोईनच्या मैत्रिणीचं काम, तीन वाक्यं. बाईंनी मुद्दाम सांगून ठेवलं होतं की हाताचं काय ते मी बघते, तू गप्प राहा.

पण शेतात गप्प राहून भागत नाही. धानाच्या बांधीत उभं केल्यावर कपडे सांभाळणाऱ्या मुलीने माझ्या ब्लाउजच्या बाह्या वर केल्या, कारण कष्टकरी बाई तशी दिसते म्हणे. दिग्दर्शक मुंबईचा, तरुण, सारखा कानात काहीतरी घातलेला. तो माझ्याजवळून गेला आणि चार पावलांवरून परत आला. मी डोळे मिटून घेतले. आता हाकलणार.

"हे खरं आहे?" त्याने विचारलं.

"हो."

"कमाल आहे! हे कोणी केलं? का केलं?"

मी सांगितलं. मंडई, लाल फ्रॉक, बत्तासा, बाबांची एक चप्पल, सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि त्याचे डोळे चमकत होते. इतक्या मन लावून माझं बोलणं त्या लाईनीत कोणी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, झालं, आपले दिवस फिरले. त्याने मेकअपवाल्याला हाक मारली आणि म्हणाला, "हे आपल्या हिरोईनच्या हातावर पाहिजे. अगदी असंच."

मेकअपवाल्याने माझ्या हाताचे सगळीकडून फोटो काढले. कागद ठेवून अक्षरं उतरवून घेतली. नावं अर्थातच कथेतली घातली. पहिल्या ओळीत कथेतल्या मुलीचं नाव, दुसरीत कथेतल्या बापाचं, तिसरीत कथेतलं गाव. पण अक्षराची फाकलेली ठेवण माझी, हिरवट रंग माझा आणि तिसरी ओळ घसरलेली, तीही माझीच. ती घसरण त्याला जमत नव्हती. दोनदा पुसून त्याने तिसऱ्यांदा काढली. मी शेजारी खुर्चीवर बसून हात पुढे करून बसले होते, बघून काढायला.

मग प्रश्न आला की एकाच चित्रात दोन बायांच्या हातावर सारखंच गोंदण कसं चालेल. त्यावर मला पुरुषाचं जुनं फुल शर्ट दिलं. आमच्याकडे कापणीला बाया खरोखरच नवऱ्याचं जुनं शर्ट साडीवर घालतात, धानाचं कूस अंगाला टोचू नये म्हणून. त्यामुळे त्यात वावगं काहीच नव्हतं. दिग्दर्शक म्हणाला, "वा, हे पण अस्सल!" मी मनगटावरची बटणं लावली. फोटोग्राफरने माझी अक्षरं पुसली तेव्हा मला लाज वाटली होती. आता रडू येत होतं आणि तोंडाला मेकअप असल्यामुळे रडायचीही सोय नव्हती.

शेवटच्या दिवशी बाबा शूटिंग बघायला आले. मिलमध्ये सुट्टी टाकून, धुतलेलं शर्ट घालून, गाडीने दरेकशाला उतरून पायी. दोरीच्या पलीकडे गावकऱ्यांत उभे राहिले. हिरोईन मुलगी भली होती. माझे बाबा आलेत कळल्यावर ती स्वतः दोरीपर्यंत गेली, नमस्कार केला आणि हसून डावा हात त्यांच्यापुढे धरला. "अंकल, देखिए. आप ही का आयडिया है."

बाबांनी हात लावला नाही. वाकून पाहिलं. ते पोत्यावरचा छाप पाहून माल कोणत्या मिलचा ते सांगतात, तसं पाहिलं. मग त्यांचं बोट हवेतच तिसऱ्या ओळीवर फिरलं, वरून खाली, घसरत.

"हे पाय," ते मला म्हणाले, "गाव तसंच खाली उतरलं आहे. तुह्यं नाव लिहिलं त्याहीनं इच्या हातावर! अन् हे माह्यं. अन् हे घर."

नावं दुसरी आहेत, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. त्याच वेळी कोणीतरी ओरडलं, "सायलेन्स!" आणि सगळे गप्प झाले. बाबाही गप्प झाले, पण त्यांचा चेहरा असा फुलला होता की शूटिंग संपल्यावरही माझ्याने ते वाक्य बोलवलं नाही.

घरी पोहोचेपर्यंत बाबांनी गाडीत चौघांना सांगून टाकलं होतं. मिलमध्ये तर त्यांनी सगळ्यांना सांगितलं. माझं नाव, त्यांचं नाव आणि आमचं गाव आता मुंबईच्या हिरोईनच्या हातावर साऱ्या देशाला दिसणार. आईने मला चुलीजवळ गाठलं.

"खरं आहे का हे?"

"नाही. नावं दुसरी आहेत."

"मंग त्याले सांगत काऊन नाहीस?"

"तू सांग."

"मी आपल्या मनानं नाही सांगत. पण त्यानं इचारलं त खरंच सांगीन. मले खोटं बोलता येत नाही, तुले माहीत आहे."

मला माहीत होतं. म्हणून त्यानंतरचे महिने मी जीव मुठीत धरून काढले. जगातल्या सगळ्या नट्या आपला प्रसंग राहावा म्हणून देव पाण्यात ठेवतात. आम्हाला तर पाण्यात ठेवायला देवही नाहीत, आम्ही बौद्ध. तरी मी रोज मनाशी म्हणायचे, तो हाताचा प्रसंग कापला जाऊ दे. माझी तीन वाक्यं गेली तरी चालतील.

माझी दोन वाक्यं गेली. हात राहिला. हात तर मोठा करून, सगळा पडदा भरून दाखवला होता. धानाची पेंडी बांधताना अक्षरं अशी स्वच्छ दिसत होती की कोणीही वाचावीत.

आणि वाचली. मालिका आल्यावर थोड्याच दिवसांनी बाबा दुपारीच मिलवरून परतले. सायकल भिंतीला न टेकवता तशीच पाडली. त्यांच्या जोडीच्या हमालाने मोबाईलवर पाहून सर्वांसमोर म्हटलं होतं की तुझ्या पोरीचं नाव कुठं आहे, हे तर दुसऱ्याच कोणाचं आहे, आणि सगळे हसले होते.

"लाव ते," बाबा मला म्हणाले.

मी मोबाईलवर तो प्रसंग काढला आणि हात दिसला तिथे थांबवला. बाबांनी मला वाचायला सांगितलं असतं तर मी काय वाचलं असतं, मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी मला सांगितलंच नाही. मोबाईल घेऊन ते आईकडे गेले. ती सुपात तांदूळ पाखडत होती.

"तू वाच," ते म्हणाले. "तू खोटं नाही बोलत."

आईने सूप खाली ठेवलं. हात पदराला पुसले. मोबाईल डोळ्यांपासून दूर धरला, मग जवळ घेतला. आईला वाचायला वेळ लागतो. रविवारी विहारात वंदनेचं पुस्तक वाचते तशी ती एकेका अक्षराखाली बोट सरकवत वाचते. आत्ताही तिने तसंच बोट ठेवलं. तिचे ओठ आधी नुसतेच हलले, म्हणजे तिने ती दुसरी नावं वाचली होती. मी दाराची चौकट धरून उभी होते.

मग तिने मोठ्याने माझं नाव वाचलं. बोट खाली नेलं आणि बाबांचं नाव वाचलं, पूर्ण, तिच्या तोंडून कधी न येणारं. तिसऱ्या ओळीवर बोट घसरत नेऊन आमच्या गावाचं नाव वाचलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "तुह्या त्या दोस्ताले धड वाचता येते का? तिसरीतून पळालेला तो."

बाबांनी तिच्या हातून मोबाईल घेतला, त्या थांबलेल्या चित्राकडे पाहिलं आणि मोठा श्वास सोडला. "मले माहीतच होतं," ते म्हणाले. सायकल उचलली आणि उरलेली पाळी करायला परत मिलमध्ये गेले.

आईने सूप उचललं. बराच वेळ ती पाखडतच राहिली. तांदूळ केव्हाच स्वच्छ झाले होते. मी तिच्याजवळ जाऊन बसले तरी तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"उद्या गोंदियाले जा," ती शेवटी म्हणाली. "त्या फोटोवाल्याकडून नवे फोटो काढून आन. हात उघडा ठेवून."

"आई, अशाने मला काम नाही मिळणार."

तिचा आवाज फुटला. मी तो तसा मंडईतल्या त्या दिवसानंतर ऐकला नव्हता.

"मंग तुह्या बापानं आपलं नाव काय जन्मभर त्या हिरोईनच्या हातावरच वाचावं?"

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या गाडीने गेले. कुर्ता अर्ध्या बाह्यांचा होता.